निकानोरच्या डोळ्यांतला उजेड

कितो, सान रोके
२८ जुलै १८७९

प्रिय न्यान्या देल्फिना,

देव तुला सुखात ठेवो आणि तुझ्या गुडघ्यांना थोडा आराम देवो. तुझं पत्र परवा पोचलं. वर पत्ता होता, ‘दिवंगत माएस्त्रो बेलिसारिओ यांच्या वारसांस’. वारस कोणी नाही, त्यामुळे मलाच ते फोडावं लागलं. आपल्याच मरणाचं सांत्वन वाचायची वेळ फार थोड्यांवर येत असेल. तू छान लिहिलं आहेस. मी इतका भला माणूस होतो हे मला माहीत नव्हतं.

तर मी जिवंत आहे. माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या पेत्रोनाला तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती चुलीपाशी हात कमरेवर ठेवून म्हणाली, “मेलेला माणूस दोन वाडगे बटाट्याचा लोक्रो चापून वर चीज नाही म्हणून कुरकुर करतो का? कळवा त्यांना.” कळवलं. खांदा दुखतो, डाव्या डोळ्याला धूसर दिसतं, सकाळी खोकला येतो. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढं चालायचंच.

आता तू लिहिलेल्या गोष्टीकडे येतो. सान पेद्रोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तू बैठकीच्या खोलीत झाडत होतीस आणि भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे नजर जाताच तुझ्या हातातला झाडू गळाला. बावीस वर्षं ज्या डोळ्यांत काही नव्हतं त्यांत उजेडाचे दोन ठिपके होते, खिडकीच्या अंगाला, जिथे असायला हवेत तिथेच. तुझ्या भावाचे, निकानोरचे, कुंचले तू फडताळावर मातीच्या पेल्यात जपून ठेवले आहेस. त्यातल्या सगळ्यात बारीक कुंचल्याचं टोक पांढरं होतं, आणि ओलं. तू भाचीला विचारलंस, शेजारच्या पोरांना दम भरलास. कोणी कबूल होईना. शेवटी तू मनाशी धरलंस की बेलिसारिओ गेला, आणि चर्चमध्ये माझ्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणवलीस.

तुझी चूक नाही. मूर्ती आणि चित्रं करणाऱ्या उस्ताद आन्सेल्मोंच्या कारखान्यात वाढलेल्या कोणीही हेच धरलं असतं. त्यांचं बोलणं मला अजून त्यांच्या घोगऱ्या आवाजात ऐकू येतं: “संतांच्या डोळ्यांत उजेड शेवटी ठेवायचा. जिवंत माणसाच्या चित्रात ठेवायचाच नाही. त्याचा उजेड त्याच्याकडे राहू द्या. तो गेला की मग चित्रात ठेवा.” म्हणून शिकणं संपताना दोघा दोघांनी एकमेकांचे चेहरे काढायचे, डोळे आंधळे ठेवायचे, आणि जो मागे राहील त्याने ते दोन ठिपके द्यायचे. निकानोरने मला काढलं, मी निकानोरला. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात अशी चाल असल्याचं मी ऐकलेलं नाही.

ठिपक्यांचं म्हणशील तर भिंतीचा चुना ओल धरतो आणि गळतो. कुंचल्याचं, उंदीर पेल्यातलं काहीही ओढतात. मनावर घेऊ नकोस.

राहिली तुझी मागणी. तू लिहितेस की बेलिसारिओ आता नाहीच, तर त्याच्याकडचं निकानोरचं चित्र तोरिबिओच्या खेचरावरून आंबातोला पाठवावं, कारण ऑगस्टातल्या मातेच्या सणानंतर तू ते घेऊन लिमाला निघणार आहेस. भावाला शोधायला. घर भाचीच्या नावे केलंस, ट्रंक भरलीस, बंदरावर आणि चर्चच्या दारात लोकांना चित्र दाखवत फिरणार आहेस. न्यान्या, निकानोरसारखा मीही तुला बहीण म्हणत आलो म्हणून सांगतो, हा विचार सोडून दे. ग्वायाकिलला या दिवसांत पिवळा ताप असतो. लिमाचे लोक चिलीशी लढताहेत, समुद्रावर तोफा चालल्या आहेत, आणि तू एक्कावन्न वर्षांची, गुडघे धरून जिना उतरणारी बाई. शिवाय चित्र पाठवण्यासारखं राहिलेलं नाही. कापड कडकलं आहे. चेहराही आता तसा नाही.

इकडचं सगळं ठीक. पाऊस थांबला, वारे सुरू झाले. सान फ्रान्सिस्कोच्या पाद्र्यांनी दोन देवदूत सांगितले आहेत, एकाचा पंख मीच काल मोडला. बाकी तोरिबिओ आला की त्याच्या हाती.

३० जुलै

तोरिबिओ काल आला. तुझे पाव आणि पेअर मिळाले. पावांना अजून तुझ्या भट्टीचा वास होता.

मला वाटलं होतं, त्याला अंगणातूनच वाटेला लावावं. पण तुझा हा खेचरवाला भलता कर्तव्यदक्ष निघाला. म्हणाला, “सेन्योरा देल्फिनांनी माप घ्यायला सांगितलंय. खेचराच्या कुठल्या अंगाला बांधायचं ते मला ठरवायला नको?” चित्र मागच्या खोलीत असतं, भिंतीकडे तोंड करून. पेत्रोना त्या खोलीत जात नाही. दोन वर्षांपूर्वी कोतोपाक्सीची राख पडून भर दुपारी काळोख झाला होता ना, तेव्हा ती मेणबत्त्या आणायला तिथे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाली, “तिथे मेणबत्तीची गरज नाही. चेहरा दिसतोय.” मी तिला वेड्यात काढलं. पण त्या दिवशी मीही त्या खोलीत गेलो नाही.

तर मी चित्र वळवलं. तोरिबिओने टोपी काढून छातीशी धरली.

“माएस्त्रो, हे तुम्ही वर जाऊन काढलंत?”

“वर कुठे?”

“अरेनालात. चिंबोरासोच्या बर्फाच्या शिखराखालच्या वाळूत.”

“छे रे. इथेच काढलं, उस्तादांच्या अंगणात. लिंबाखाली बसवून.”

“मग याला हसायला कोणी सांगितलं?”

मी विचारलं, कोण हसतंय.

“हा,” तो म्हणाला. “थंडीने गोठलेला माणूस असाच हसतो. मी चार जणांना खाली आणलंय. चौघांचे चेहरे असेच. घरच्यांना आम्ही सांगतो की सुखाने गेला. काहीतरी सांगावं लागतं ना.”

मग त्याने दोरीने माप घेतलं, गाठ मारली आणि पेत्रोनाकडे सातूचं पीठ मागायला गेला. मी तिथेच उभा राहिलो.

न्यान्या, मी त्याला हसताना काढलेलं नाही. तुला आठवत असेल, त्या आठवड्यात त्याची दाढ ठणकत होती. गालात लवंग धरून, तोंड घट्ट मिटून तो माझ्यापुढे बसला होता. बोलायचा तो ओठ न हलवता. “उरक लवकर. तू काढलेले डोळे म्हणजे सोललेली अंडी असतात, त्याला एवढा वेळ कशाला?” मी म्हटलं, तुझं नाक मोठं आहे, त्याला वेळ लागतोय. उस्ताद आतून ओरडले की नाक कमी करा आणि कामं करा. चेहरा गंभीर होता, थोडा रागीटच. मी काढलाय, मला माहीत आहे. आता ओठांची टोकं वर गेली आहेत. केव्हा गेली ते सांगता येत नाही, मी त्याला रोज बघत नव्हतो. बघायचं टाळत होतो असंही म्हण.

आणखी एक गोष्ट आहे. चित्र पुरं झालं त्या दिवशी निकानोरने त्याची ती मेंढीच्या मूत्राशयाची कातडी आणली. मूर्तींच्या चेहऱ्याला रंग चढवला की तो ती कातडी जिभेवर ओली करून तासन्‌तास फिरवायचा, लाकडाला माणसाची कांती येईपर्यंत. ते काम त्याच्याएवढं कितोत कोणाला जमत नव्हतं. ती कातडी त्याने गमतीने माझ्या चित्रातल्या स्वतःच्या गालांवरून आणि ओठांवरून फिरवली. म्हणाला, “आता बघ, मला घाम फुटेल.” कापडावर असं कोणी करत नाही. रंग बिघडतो. मी त्याला शिव्या दिल्या. म्हणजे त्याची थुंकी त्या चित्रात आहे. आणि गेली कित्येक वर्षं, ऑगस्टचे वारे सुटले की चित्राच्या तोंडापाशी धुकं धरतं. वॉर्निश थंडीने पांढरट पडतं हे मी माझ्या कारखान्यातल्या पोरांना शिकवतो. पण ते सगळ्या चित्रभर पडायला हवं. हे फक्त ओठांपाशी, नाण्याएवढं. फडक्याने पुसलं की दुपारपर्यंत पुन्हा येतं.

डोळ्यांचंही तुला विचारायचं असेल. डोळे आंधळेच आहेत. मी सफेदा जवसाच्या तेलात घोटून लावला, अक्रोडाच्या तेलात लावला, अंड्याच्या पांढऱ्यात लावला. सकाळी बघावं तर ठिपका काळ्यात बुडून गेलेला. सात वेळा लावला. पहिल्यांदा अठ्ठावन्न साली, मृतांच्या दिवशी, बाहेर लोक कबरींवर खायला घेऊन चालले होते तेव्हा.

हे मी काय लिहून बसलो ते आता माझ्या लक्षात आलं. तू हुशार आहेस, तुझ्याही येईल. जिवंत माणसाच्या डोळ्यांत बेलिसारिओ सात वेळा उजेड कशाला ठेवत होता, असं तू विचारशील. कागद फाडून पहिल्यापासून लिहिता येईल. मी फाडणार नाही. फाडला तर तू ट्रंक घेऊन बोटीवर चढशील.

निकानोर लिमाला गेला नाही. तो ग्वायाकिललाही पोचला नाही. तो अरेनालात गेला, सत्तावन्नच्या ऑगस्टात, आणि त्या वेळी त्याच्याबरोबर मी होतो.

आज एवढंच लिहवतं.

१ ऑगस्ट

काल दिवसभर मी पुढचं मनात जुळवत होतो. जुळवलेलं सगळं खोटं वाटलं, म्हणून आता जसं झालं तसं लिहितो.

तुझ्याकडून आम्ही निघालो तेव्हा तू दोघांच्या पोतडीत पाव घातलेस. माझं चित्र त्याने तुझ्याकडे ठेवायला दिलं आणि म्हणाला, “या आंधळ्याला सांभाळ, न्यान्या, परत येताना नेतो.” आमच्याबरोबर दोन खेचरं होती. एकावर पेटी, पेटीत ग्वायाकिलच्या चर्चसाठी दुःखी मातेची मूर्ती. दुसऱ्यावर आळीपाळीने बसायचं. मूर्तीचं लाकूड माझं, चेहरा त्याचा. चार महिने त्याने त्या एका चेहऱ्यावर घालवले होते. पेटी बंद करायच्या आधी उस्ताद तिच्यासमोर उभे राहिले. मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “तूही बरं काम केलंस.” तो ‘ही’ मी आयुष्यभर विसरलो नाही.

अरेनालात चढताना दुसरं खेचर घळीत गेलं. दुपारी दोनच्या सुमारास वारा सुटला, मग वाळू आणि बर्फ एकदमच. तीनच्या सुमारास निकानोरला पाय कळेनासे झाले. वाट कळावी म्हणून रचलेल्या दगडांच्या तिसऱ्या ढिगाजवळ तो खाली बसला. म्हणाला, “पेटी उतरव आणि मला बसव. बाई पुन्हा करता येईल.”

मी त्याला सांगितलं की दोऱ्या गोठल्यात, गाठी सुटत नाहीत. गाठी सुटत नव्हत्या हे खरं आहे. माझ्या कमरेला सुरी होती हेही खरं आहे. त्याने सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा मागितलं नाही. मी म्हटलं, खाली तांबोवर, वाटसरूंच्या उताऱ्यावर, जातो आणि माणसं घेऊन येतो, तासाभरात येतो. तो म्हणाला, “ये.” मी माझा पोंचो त्याला द्यायला हवा होता. तो माझ्या अंगावरच राहिला.

परवा मी लिहिलं की तो अरेनालात गेला. वाचणाऱ्याला वाटेल, माझ्यासमोर गेला, मी डोळे मिटले, दोन दगड रचले. तसं नाही. मी निघालो तेव्हा तो जिवंत होता. मी वळून पाहिलं, तर तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत उजेड होता. दोन्ही डोळ्यांत, वाऱ्याच्या बाजूला. मी चित्रकार आहे, ते मला दिसलंच. म्हणूनच माझ्या हातचा ठिपका तिथे टिकत नसेल. त्याचा उजेड मी तिथे सोडून आलो, आता तो घरी बसून सफेद्याने कसा येईल?

तांबोवर पोचलो तेव्हा उजेड होता. ते झोपडं तुला माहीत असेल, वाटेवरचे सगळे तिथेच टेकतात. दारात एक बाई लाकडं आत घेत होती. तिने विचारलं, “एकटेच का?”

मी म्हटलं, “हो, एकटाच.”

एवढंच झालं, न्यान्या. कोणी मला धमकावलं नव्हतं. आत चार धडधाकट माणसं शेकत बसली होती, दोन घोडे होते, अजून दोन तास दिसणार होतं. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण उतरताना दीड तास मी त्या पेटीला हात लावून चालत होतो. वर असताना ती आमची होती. उतरता उतरता ती माझी झाली. बाईने दालचिनीची गरम दारू दिली, मी प्यालो, आणि वाटलं, आता सांगतो. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील आधी का नाही बोललास. मग अंधार पडला. तेवढ्याने माझी सुटका झाली असं मला वाटलं. त्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

ग्वायाकिलला पेटी उघडली तेव्हा बंदरावरचे हमाल गुडघ्यांवर बसले. एका पाद्र्याने विचारलं, हा चेहरा कोणी केला. मी म्हटलं, मी. त्या एका शब्दावर मी बावीस वर्षं माएस्त्रो आहे. लोक लांबून येतात आणि म्हणतात, दुःखी मातेसारखा चेहरा करून द्या. मी हात दुखतो म्हणून सांगतो. पोरं समजतात, म्हाताऱ्याला नखरे आहेत.

परत येताना मी दुसरी वाट धरली. चार दिवस जास्त लागले. तुझ्या दारात आलो तेव्हा तुझे हात पिठाने भरलेले होते. “तो कुठाय?” तू माझ्या मागे बघत विचारलंस. मी म्हटलं, त्याला लिमाची बोट मिळाली, तिकडे काम फार आहे म्हणे. आणि तू विश्वास ठेवावास म्हणून जोडलं की नवी गवती टोपी घालून बोटीवरून हात हलवत होता. तू हसलीस. म्हणालीस, “टोपी? त्या भोपळ्याला कुठली टोपी बसली?” ती टोपी मी ग्वायाकिलला विकत घेतली होती, स्वतःसाठी. तुला ती सांगितल्यावर माझ्या डोक्यावर घालवेना. वाटेत लाताकुंगाला एका भिकाऱ्याला दिली. आणि तू बावीस वर्षं आईला, शेजारणींना, येणाऱ्याजाणाऱ्याला त्या टोपीबद्दल सांगत राहिलीस. आई गेली तेव्हा शेवटच्या दिवशी तिने विचारलं म्हणे, टोपीचा रंग कोणता होता. तूच लिहिलं होतंस. मी तुला उत्तर लिहिलं, फिकट पिवळा.

मृतांच्या दिवशी सगळ्यांच्या नावाचा पाव तू भाजतेस आणि त्याच्या नावाचा कधी भाजला नाहीस, कारण तो जिवंत होता. त्याची खाट घातलेली ठेवतेस. न्यान्या, ती खाट आता काढ. हे सांगायला मला तुझी ट्रंक भरेपर्यंत वेळ लागला. मला माफ कर असं लिहिणार होतो. पण माझ्याजागी दुसरा कोणी असता तर मी त्याला माफ केलं नसतं. म्हणून मागत नाही.

आता तुझ्या घरी जे झालं त्याबद्दल. मी पहिल्या दिवशी चुन्याचं आणि उंदरांचं लिहिलं ते तुझी समजूत घालायला, आणि माझीही. पण आपण दोघं एकाच कारखान्यातली माणसं. चाल साधी आहे. माझा चेहरा निकानोरने काढला, तेव्हा मी गेल्यावर माझ्या डोळ्यांत उजेड त्याने ठेवायचा. त्याचा कुंचला ओला होता. त्याला उशीर झाला एवढंच. मी गेलो ते बावीस वर्षांपूर्वी, तांबोच्या दारात, त्या बाईने विचारलं तेव्हा. तुझी मिस्सा फुकट गेलेली नाही. माझ्या चित्रातला ठिपका पुसू नकोस.

त्याचं चित्र तोरिबिओबरोबर देतो आहे, मेणकापडात गुंडाळून. डोळे तसेच आहेत. माझ्या हाताला ते यश नाही, तुझ्या हाताला येईल. पेल्यातला तोच कुंचला घे. सफेदा मी डबीत घोटून दिला आहे, एक थेंब पुरेल. आधी उजवा डोळा, मग डावा, श्वास धरून. मग घंटा वाजवायला सांग, त्याच्या नावाचा पाव भाज, आणि रडायचं ते रड. लिमाला जाऊ नकोस. तो तिथे नाही. तो तुझ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, तिसऱ्या ढिगाजवळ, कायम तिथेच होता.

ग्वायाकिलच्या पाद्र्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. मूर्तीखाली माझं नाव कोरलंय ते घासून काढा आणि निकानोर तिपान असं कोरा, असं त्यात आहे. पेत्रोनाला घराच्या किल्ल्या दिल्या. तिने विचारलं, रात्रीला किती वाडगे लोक्रो करू. मी म्हटलं, तुझ्यापुरता कर. तिने एक वाडगा उचलून फळीवर परत ठेवला.

आज सकाळी चित्र गुंडाळायच्या आधी शेवटचं पाहिलं. तोंडापाशी धुकं होतं. पुसलं नाही.

मी उद्या पहाटे निघतो. तोरिबिओ तुला हे देईल तेव्हा मी तुझ्या दारावरून पुढे गेलेला असेन. तू खिडकीत असलीस तरी मी मान वर करणार नाही, तेवढी ताकद नाही. सुरी घेतली आहे, फावडं घेतलं आहे, एक नवा लोकरीचा पोंचो घेतला आहे. आधी खाली तांबोवर जाईन, तिथली माणसं आणि घोडे घेऊन वर चढायचं आहे. ती बाई आता नसेल, तिची मुलगी असेल, सून असेल. दारात कोणीतरी विचारेलच, एकटेच का. या वेळी मी सांगणार आहे, “नाही, वर आणखी एक जण आहे.”

न्यान्या म्हणायचा हक्क ज्याने तिथेच सोडला तो,
तुझ्या भिंतीवरचा
बेलिसारिओ